देवघेव खिडकीवरून: कोणाला कोणते पुस्तक सुचवावे, आणि सोबत कोणते गाणे?

फडताळ (धागाकर्ती)

ठाण्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात मी काम करते. खिडकीवर दिवसभरात सर्वाधिक वेळा ऐकू येणारे वाक्य म्हणजे "काहीतरी चांगलं द्या हो." या मागणीला काय उत्तर द्यावे, याबद्दल आम्हा कर्मचाऱ्यांत एकमत नाही. आता प्रवेशद्वाराजवळच्या, 'विविध आवडींसाठी' असा फलक असलेल्या एका कपाटात प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या पसंतीची पुस्तके मांडावीत, प्रत्येक पुस्तकात हाताने लिहिलेली एक चिठ्ठी ठेवावी आणि जमल्यास त्या चिठ्ठीवर ऐकण्यासारखे एखादे पद, गाणे किंवा मैफल सुचवावी, असे ठरले आहे. कपाट लावण्यापूर्वी येथील वाचकांची मते घ्यावीत, म्हणून हा धागा काढला आहे.

माझे मत आधीच सांगते. शिफारस विषयावरून करू नये. प्रभाकर पेंढारकरांचे 'रारंग ढांग' परत करताना सभासद हमखास विचारतात, "असंच अजून काही आहे का?" आणि आमचे सहकारी तितक्याच हमखासपणे त्यांच्या हाती सैन्यावरचे एखादे पुस्तक ठेवतात, जे पुढच्या आठवड्यात न वाचताच परत येते. त्या कादंबरीत वाचकाला धरून ठेवते ती गोष्ट सैन्य ही नव्हेच. एक तरुण अभियंता आपले काम नेकीने करू पाहतो आणि त्या कामाच्या नियमांशीच त्याची गाठ पडते, हे वाचकाला भिडलेले असते. अशा वाचकाला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' देते. हिमालयातला रस्ता आणि माणदेशातली धनगरांची शाळा यांत विषयाचे साम्य काही नाही, पण परक्या मुलखात कामावर रुजू झालेला पोरगेला माणूस दोन्हीकडे आहे, आणि फुगवून न सांगण्याची रीतही दोन्हीकडे आहे.

'मृत्युंजय'चे वाचक तर निदान दोन प्रकारचे असतात. काहींना कर्णावर झालेला अन्याय हवा असतो, काहींना एकच कथा कर्ण, कुंती, दुर्योधन अशा वेगवेगळ्या तोंडून ऐकण्यातली गंमत हवी असते. दुसऱ्या प्रकारच्या वाचकाला इरावती कर्वे यांचे 'युगान्त' खुशाल द्यावे, आणि ते पचले तर भैरप्पांच्या 'पर्व'चा उमा कुलकर्णी यांनी केलेला अनुवाद द्यावा. पहिल्या प्रकारच्या वाचकाला मात्र 'युगान्त' देताना दहादा विचार करावा, कारण इरावतीबाई कर्णाची मुळीच गय करत नाहीत.

समोरचा वाचक कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचे कसे? "तुम्हाला काय आवडते?" या प्रश्नाला बहुतेक जण शोभेसे उत्तर देतात. त्याऐवजी "अलीकडे कोणते पुस्तक अर्ध्यावर सोडलेत?" असे विचारले की माणसे मोकळी होतात, आणि नेमके कुठे अडले तेही सांगतात. याखेरीज एक मूक पुरावा पुस्तकातच असतो. आपण वाचलेले पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून आमचे कित्येक ज्येष्ठ सभासद ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकशी खूण करतात. कोणी टिंब देतो, कोणी फुली मारतो, एक आजी छोटेसे तुळशीचे पान काढतात. पुस्तकावर लिहू नये हा नियम मला ठाऊक आहे आणि भिंतीवर ती पाटीही आहे, परंतु खोडरबर घेऊन त्या खुणा पुसण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. तुळशीचे पान आणि फुली एकाच पुस्तकात दिसली की त्या दोघांपैकी एकाने वाचलेले दुसऱ्याला सुचवायला मला आधार मिळतो.

संगीताची बाजू लंगडी आहे. आमच्याकडे ध्वनिफितींचे एक कपाट आहे, पण त्या वाजवण्याचे यंत्र आता फारच थोड्या घरांत उरले आहे. ध्वनिमुद्रणे बहुतेकांना मोबाइलवर मिळतात. काय ऐकावे आणि कशानंतर ऐकावे, हे मात्र कोणी सांगत नाही. ते चिठ्ठीवर सांगता येईल का?

पाचपाखाडीकर

उपक्रम स्तुत्य आहे, परंतु त्यामागच्या गृहीतकाला माझा आक्षेप आहे. वाचकाला ओळखण्याचा हा उत्साह कधी कधी वाचकाच्या अंगावर येतो. मी पूर्वी ज्या ग्रंथालयाचा सभासद होतो, तेथे माझे केस पांढरे झाल्यावर खिडकीवरून मला न मागता अध्यात्म आणि आरोग्य यांवरची पुस्तके मिळू लागली. मला त्या वेळी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार हवा होता, आणि तो मागताना अपराध केल्यासारखे वाटावे अशी तेथील मुद्रा होती. ज्या लेखकाने हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाची चटक लावली, त्याची पुस्तके मागण्यात लाजण्यासारखे काय आहे? माझ्या मते ग्रंथालयाने मुक्तद्वार ठेवावे, वाचकाला कपाटांमधून मनसोक्त फिरू द्यावे आणि विचारल्याखेरीज काही सुचवू नये. शिवाय कोणी काय वाचले याची नोंद धुंडाळून शिफारस करणे मला अजिबात मान्य नाही.

फडताळ (धागाकर्ती)

@पाचपाखाडीकर, आपला शेवटचा मुद्दा शिरसावंद्य. संगणकातील नोंद उघडून कोणालाही काही सुचवले जात नाही आणि जाणार नाही. वाचक जे पुस्तक स्वतःहून टेबलावर ठेवतो आणि त्याबद्दल स्वतःहून जे बोलतो, तेवढेच आमचे भांडवल आहे. मुक्तद्वार आमच्याकडे आहेच, पण त्याला एक मर्यादा आहे. फिरणाऱ्याची नजर छातीच्या उंचीवरच्या फळीवर पडते, खालच्या फळीसाठी वाकायला सर्वांना जमत नाही आणि वरच्या फळीवरचे लेखक वर्षानुवर्षे धूळ खातात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' हे तिसरे सूत्र मला म्हणूनच दुसऱ्या सूत्राहून, म्हणजे 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' याहून, अधिक कळकळीचे वाटते. वाचक मागणी तरी करू शकतो.

अर्नाळकरांबद्दल सहमत आहे. त्यांच्यासाठी आमच्या बांधणी विभागातील सहकाऱ्यांनी आधीच एक अख्खी फळी मागून घेतली आहे.

ऐरोलीकर

मी रोज ऐरोलीहून ठाण्याला येतो. अंतर इतके थोडे आहे की गाडीत बसायला जागा मिळून पुस्तक उघडेपर्यंत ठाणे येते. कादंबरीचा धागा अशा तुकड्यांत हाती राहत नाही, म्हणून कथा वाचाव्यात असे ठरवले आणि कोणीतरी सांगितले म्हणून जी. ए. कुलकर्णी यांचे 'काजळमाया' घेतले. पुस्तक थोर असेल, नव्हे आहेच, पण फलाटावरच्या गर्दीत ते मला झेपले नाही. माझ्यासारख्यांसाठी एखादी फळी असेल का?

फडताळ (धागाकर्ती)

@ऐरोलीकर, 'काजळमाया' रविवारी दुपारी वाचावे. गाडीसाठी द. मा. मिरासदार किंवा शंकर पाटील न्यावेत. त्यांची कथा पहिल्या परिच्छेदातच पारावर जाऊन बसते आणि मध्येच थांबली तरी पुन्हा धरता येते. उलट रत्नाकर मतकरींची गूढकथा मध्येच तोडावी लागली तर दिवसभर कामात लक्ष लागत नाही, हा धोका आधीच सांगून ठेवते. गाडीच्या वेळेनुसार एक फळी लावण्याची कल्पना मात्र आपल्यामुळेच सुचली.

सुरावट

संगीताबद्दल विचारले आहे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. शास्त्रीय संगीत 'कळत नाही' असे म्हणणाऱ्या बहुतेक मराठी माणसांना ते कळत असते, कारण नाट्यपदे, भूपाळ्या आणि अभंग यांतून अनेक राग त्यांच्या कानावरून गेलेले असतात. फक्त त्या रागांची नावे त्यांना ठाऊक नसतात. म्हणून चिठ्ठीवर राग समजावून सांगण्याच्या भरीस पडू नये. दोन ध्वनिमुद्रणांची जोडी द्यावी, एक ओळखीचे आणि एक अनोळखी.

उदाहरण देतो. 'अमर भूपाळी' या 1951 सालच्या चित्रपटातील 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' ही वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली भूपाळी ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. ती ऐकून झाल्यावर लगेच किशोरी आमोणकरांचा 'सहेला रे' हा ख्याल लावावा. राग तोच, भूप. पहिल्या ऐकण्यात काही उमगले नाही तरी चालेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हीच जोडी पुन्हा ऐकली की ख्यालातल्या एखाद्या वळणावर 'अरे, हे तर आपल्या ओळखीचे' असे कानाला आपोआप वाटते. तसेच 'मंदारमाला' नाटकातील 'जय शंकरा गंगाधरा' हे पं. राम मराठे यांचे पद ऐकून मग त्याच रागातला, म्हणजे अहीर भैरवातला, कोणताही एक ख्याल ऐकावा. ज्यांच्या नावाने आपली महानगरपालिका संगीत महोत्सव भरवते, त्या गवयाचे निदान एक पद ठाण्यातल्या ग्रंथालयाच्या चिठ्ठीवर असावे, असा माझा आग्रह आहे.

आता पुस्तकाशी सांगड. 'कट्यार काळजात घुसली' या 1967 च्या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन वेगळ्या चालींत येते, कारण त्या नाटकाचे भांडणच दोन गायक्यांचे आहे. पं. जितेंद्र अभिषेकी यांनी लावलेल्या त्या दोन चाली लागोपाठ ऐकाव्यात, आणि 'घराणे म्हणजे नेमके काय?' हा प्रश्न डोक्यात आला की वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' हाती घ्यावे. हेच पुस्तक आधी दिले तर वाचक दहाव्या पानावर परत करील. क्रम उलटा करून चालणार नाही.

अभंगांचेही तेच आहे. पं. भीमसेन जोशींची 'अभंगवाणी' सर्वांना हवी असते. ती आवडली म्हणून आणखी तशीच ध्वनिमुद्रणे देत राहण्यापेक्षा किशोरीताईंचे 'अवघा रंग एक झाला' द्यावे आणि तो अभंग संत सोयराबाईंचा, म्हणजे चोखोबांच्या घरातला आहे, एवढे एकच वाक्य चिठ्ठीवर लिहावे. कित्येक जण तो अभंग जन्मभर ऐकतात, पण कवयित्रीचे नाव त्यांना माहीत नसते.

कळवा नाका

सुरावट यांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो. ग्रंथालयांच्या कपाटांत 'दलित साहित्य' अशी वेगळी पाटी असते. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी ती सोयीची असेल, पण त्या पाटीमुळे सर्वसाधारण वाचक त्या कपाटाकडे वळतच नाही आणि कर्मचारीही 'सामाजिक विषयाची आवड' असल्याखेरीज कोणाला तिकडचे काही सुचवत नाहीत. धागाकर्तीचे 'विषयावरून शिफारस करू नये' हे तत्त्व खरे असेल, तर त्याची खरी परीक्षा या कपाटापाशी आहे.

दया पवार यांचे 'बलुतं' 1978 साली आले. ते दुःखाचे पुस्तक म्हणून दिले जाते. प्रत्यक्षात ते सांगण्याच्या कलेचे पुस्तक आहे. शिकलेला, नोकरी करणारा दया पवार आणि त्याच्या आत दडलेला दगडू एकमेकांशी बोलतात, आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती आपल्यासमोर अशी उभी राहते की तिच्यातली माणसे नावानिशी ध्यानात राहतात. ज्यांना जुनी मुंबई वाचायला आवडते, जे चाळीच्या आठवणींची पुस्तके आवडीने नेतात, त्यांना 'बलुतं' त्याच ओघात द्यावे. ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' हे कोकणावरच्या पुस्तकांसोबत का नसावे? लाल माती आणि फणस एवढेच कोकण नव्हे. कोकणातल्या वस्तीवर सुपे-टोपल्या विणणारी आईही तिथलीच आहे.

गाण्यांबाबतही तेच. नाट्यसंगीत, भावगीत आणि अभंग यांपाशी आपली 'चांगल्या संगीताची' यादी थांबते. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाचे लोकगीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली. विरहगीताच्या चालीवर सुरू होऊन ती राजकारणात कशी शिरते, हे ऐकण्यासारखे आहे. वामनदादा कर्डकांची गाणी तर एप्रिल महिन्यात ठाणे-कळव्याच्या वस्त्यावस्त्यांत ऐकू येतात. ती तुमच्या चिठ्ठ्यांवर नसतील, तर 'विविध आवडींसाठी' हे शब्द फलकावरून काढून टाकावेत.

पाचपाखाडीकर

कळवा नाका यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी वर केलेल्या आक्षेपातला 'विचारल्याखेरीज सुचवू नये' हा भाग या बाबतीत मागे घेतो, कारण पाटी हीसुद्धा न विचारता दिलेली शिफारसच असते, फक्त उलट दिशेची.

लेकीची चौकशी

माझ्या वडिलांची दृष्टी अधू होत चालली आहे. आयुष्यभर त्यांनी दर आठवड्याला पुस्तक बदलले, आता मी त्यांना रोज रात्री थोडे वाचून दाखवते. कादंबऱ्या लांबतात, मला सर्व पात्रांचे आवाज जमत नाहीत, आणि वैचारिक पुस्तक वाचले की त्यांना झोप लागते. मोठ्याने वाचण्यासाठी कोणते पुस्तक योग्य ठरेल? त्यांना जुने भावगीत प्रिय आहे.

फडताळ (धागाकर्ती)

@लेकीची चौकशी, लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' घेऊन जा. माझ्या माहितीत मोठ्याने वाचण्यासाठी त्याच्या तोडीचे मराठी पुस्तक नाही. बाईंचे वाक्य बोलण्यातले आहे, म्हणून जीभ कुठे अडखळत नाही. प्रसंग छोटे आहेत, त्यामुळे कोणत्याही रात्री कुठेही थांबता येते. बाईंचे पती रेव्हरंड टिळक यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची दोघांची ताटातूट आणि पुनर्भेट हा भाग वाचताना आपला आवाज कापरा होण्याचा संभव आहे, तेव्हा तो आधी स्वतः एकदा वाचून ठेवावा. आवाज काढण्याची गरज नाही, लेखिका एकटीच सर्वांचे आवाज काढते. आपल्याला सुट्टी हवी असेल त्या रात्री पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'चे त्यांच्याच आवाजातील ध्वनिमुद्रण लावावे.

भावगीतांसाठी जनकवी पी. सावळाराम आहेतच. ते ठाण्याचे नगराध्यक्ष होते हे वडिलांना नक्कीच आठवत असेल. 'गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का' या गाण्यापासून सुरुवात करावी आणि पुढचे गाणे वडिलांनाच निवडू द्यावे.

अभ्यासिका

मी अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लहानपणी 'फास्टर फेणे' संपवल्यानंतर मराठीत वाचण्यासारखे काय, हे कोणी सांगितले नाही, म्हणून इंग्रजी विज्ञानकथांकडे वळलो. बालविभागातून थेट खांडेकरांवर उडी मारावी, अशीच आपल्या ग्रंथालयांची अपेक्षा दिसते. मधल्या वयासाठी काहीच नाही का?

फडताळ (धागाकर्ती)

@अभ्यासिका, तक्रार रास्त आहे आणि ती बहुतेक ग्रंथालयांना लागू पडते. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह आपण वाचला नसेल तर आजच न्यावा, त्यानंतर भयकथांसाठी नारायण धारप आहेत. मिलिंद बोकील यांची 'शाळा' तर नववीतल्या मुलाच्या तोंडून आणीबाणीच्या काळातले दिवस सांगते, आणि तीत आणीबाणी मोठ्यांच्या बोलण्यातून जेवढी मुलाच्या कानावर पडावी तेवढीच येते. ती कोणत्याही वयाला चालते, पण नववी अजून विसरली नसेल त्या वयात वाचणे उत्तम.

सुरावट

'शाळा'सोबत गाणे सुचवण्याचा मोह आवरावा. प्रत्येक पुस्तकाला गाणे चिकटवलेच पाहिजे असे नाही.

फडताळ (धागाकर्ती)

मान्य. आज सहकाऱ्यांशी बोलून खालीलप्रमाणे ठरवले आहे. कपाटाला विषयांच्या पाट्या असणार नाहीत. एक फळी गाडीत वाचणाऱ्यांची, एक मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांची, एक बालविभागातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांची, आणि एक अर्नाळकर-धारपांची, जिची जबाबदारी बांधणी विभागाने स्वतःहून उचलली आहे. 'बलुतं' आणि 'आयदान' या दोहोंच्या प्रती कळवा नाका यांनी सांगितल्याप्रमाणे अनुक्रमे मुंबईच्या आणि कोकणच्या पुस्तकांत हलवल्या जातील. तालिकेतील, म्हणजे ग्रंथसूचीतील, वर्गांक तोच राहील, त्यामुळे अभ्यासकांचीही अडचण होणार नाही. दिवाळी अंकांची योजना सुरू होण्यापूर्वी कपाट लावून व्हावे असा प्रयत्न आहे, कारण त्यानंतर दोन महिने अंकांखेरीज कोणी कशाकडे पाहत नाही.

पहिली चिठ्ठी मी आज लिहिली, ती येथे देते:

"गोडसे भटजी, 'माझा प्रवास'. इतिहास कंटाळवाणा असतो असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी. पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळण्याच्या आशेने 1857 साली उत्तरेकडे निघतो आणि थेट बंडात सापडतो. झाशीचा वेढा त्याने किल्ल्याबाहेरच्या इतिहासकारासारखा नव्हे, तर आत अडकलेल्या, जीव मुठीत धरलेल्या माणसासारखा सांगितला आहे. पुस्तक 1907 साली छापून आले. भाषा पहिली काही पाने जुनी वाटेल, नेट धरावा. या पुस्तकासोबत गाणे सुचवलेले नाही. आपल्याला सुचल्यास चिठ्ठीच्या मागे लिहावे, पुस्तकावर लिहू नये."